सुनीतीबाईंची साक्ष

“पाव्हणे काय येत नाईत, पाळकीणबाई,” भांबळांनी दारातूनच सांगितलं.

मी ओट्याशी पोहे चाळत होते, ते चाळतच राहिले. पाहुणे न येणं मला नवं नव्हतं. पुण्याहून बोलावलेला मोठा माणूस आमच्या जांभूळनेरला यायच्या आदल्या दिवशी हमखास आजारी पडे. मग त्याच्यासाठी आणलेला हार कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागे आणि त्याच्यासाठी कापलेली कोंबडी आम्ही नवराबायको दोन दिवस खात असू.

भांबळ आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दवाखाना बंद पडून जमाना झाला, तरी बोलताना त्यांची बोटं पुडी बांधल्यासारखी हलत. खुर्चीवर टेकून त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि येण्याचं खरं कारण सांगितलं. उद्या उपासनेनंतर कादंबरीकार सुनीतीबाई दुशिंग यांचा सत्कार होता. गौरवाचं भाषण पाहुण्यांऐवजी मी करावं, असं पाळकसाहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

“तुमी समदी पुस्तकं वाचलीत म्हणं.”

“वाचलीत.”

“मंग झालं की. जुन्या काळावरची जी हायेत त्यांच्यावर बोला. दुष्काळ, अनाथाश्रम, आपले पयले ख्रिस्ती लोक. मंडळीला बरं वाटतं. फक्त त्या एका पुस्तकाचं नाव काढू नका. मेट्रनबाई आल्या काय न आल्या काय, उगं खपली कशाला काढायची?”

मी बरं म्हटलं. त्या काळात मी सगळ्यालाच बरं म्हणत असे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि सहावी बदली होती. प्रत्येक गावी तेच: बाळंतिणीच्या उशाशी मी, मयताच्या घरी मी, भांडलेल्या जावांच्या मध्ये मी, स्त्रीसभेच्या चहाला मी. कुणाच्याही उंबऱ्यावर चप्पल काढली की घरातून आवाज यायचा, पाळकीणबाई, दोन शब्द प्रार्थना करा. मग मी दोन शब्द करत असे. रात्री पाठ टेकली की वाटायचं, उद्या उठूच नये.

आता त्या पुस्तकाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सुनीतीबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळा सांभाळून त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या. सहा जुन्या काळावरच्या, पाच आपल्या काळावरच्या. त्यांची थोरली बहीण करुणाबाई दवाखान्याची मेट्रन. तिने लग्न केलं नाही. दोघी बहिणी मिशन कंपाउंडमध्येच राहायच्या, एक शाळेच्या अंगाला, एक दवाखान्याच्या अंगाला, मधे चिंचांची रांग. आम्ही तिथे जायच्या बऱ्याच आधी बाईंची ‘मेट्रनची खोली’ नावाची कादंबरी आली. तिच्यातली मेट्रन रोज संध्याकाळी वॉर्डात उभी राहून रोग्यांबरोबर मोठ्याने प्रार्थना करते आणि खोलीत आली की गप्प होते, कारण तिच्या लेखी ऐकणारं कुणी उरलेलं नाही. बाहेर कुणाला पत्ता नाही. अशी ती बारा वर्षं काढते.

आमच्या लोकांना एकच प्रकारचं सांगणं माहीत, ते म्हणजे साक्ष. माणूस मंडळीपुढे उभा राहतो आणि देवाने आपलं काय केलं ते सांगतो. त्यात खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. कादंबरीसुद्धा लोकांनी तशीच घेतली. कंपाउंडमध्ये मेट्रन एकच होती. पुस्तक वाचलं चौघांनी, पण आठवड्याच्या आत साऱ्यांना ठाऊक झालं की करुणाबाईंचा विश्वास गेला. बुधवारच्या प्रार्थनासभेत प्रार्थनेचे विषय मागतात. कुणाचा मुतखडा, कुणाच्या पोराची दहावी. त्यातच कुणीतरी मेट्रनबाईंचं नाव घातलं. लोकांनी ते मायेनेच घातलं, हे मला मान्य आहे. पण स्वतः समोर बसलेली असताना चार बाया आळीपाळीने डोळे मिटून आपल्या हरवलेल्या विश्वासासाठी रडताहेत, हे कोण किती सोसेल? तिसऱ्या बुधवारपासून करुणाबाई यायच्या बंद झाल्या. मग देवळात यायच्या बंद झाल्या. बहिणीशी बोलणं तर त्याआधीच सोडलं होतं. मंडळी म्हणाली, बघा, खरंच होतं.

पोहे झाकून मी शाळेच्या अंगाला गेले. म्हटलं, भाषणासाठी चार तारखा तरी विचारून घ्याव्यात.

सुनीतीबाईंच्या घरात पुस्तकांची खोकी भरून ठेवली होती. पुढच्या महिन्यात मुलगा त्यांना कायमचा बडोद्याला नेणार होता, आणि सत्काराची घाई झाली होती ती म्हणूनच. बाई खाटेवर बसून सुतळीचे तुकडे गाठी मारून जोडत होत्या. मी तारखा विचारल्या तर त्यांनी हाताने उडवून लावल्या.

“कुठली कधी छापली ते मलाच आठवत नाही. तुम्हाला काय वाटलं ते बोला. आणि लवकर आटपा, म्हातारी माणसं उन्हाची बसतात.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “अनुपमाबाई, एक काम कराल? ताईला या म्हणावं उद्या.”

मी म्हटलं, तुम्ही बोलावलंत तर जास्त बरं.

“मी बोलावलं तर ती दार लावून घेईल. आधी दोनदा लावलंय. तुम्हाला नाही म्हणणार नाही. ती आली तर मला शाल घाला नाहीतर गोणपाट घाला, मला सारखंच. नाही आली तर…” त्यांनी सुतळीची गाठ ओढली. “बडोद्याहून मी काही परत यायची नाही. या वयात कुणी येतं का? एकदा तिनं माझ्याकडं बघावं, एवढंच.”

मी विचारलं, ती कादंबरी लिहिताना लोक असं म्हणतील हे मनात नव्हतं का आलं? विचारलं आणि वाटलं, कशाला विचारलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या सुतळी गुंडाळत राहिल्या. मी सलाम करून निघाले.

चिंचांखालून जाताना माझा पाय जड झाला होता, हे कबूल करते. दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्यात पडायची मला अजिबात हौस नव्हती. समजूत घालण्याचं काम मी इतकं केलं होतं की माझं मलाच ते ऐकवत नसे.

करुणाबाईंच्या ओसरीवर सगळं दवाखान्यासारखं लखलखीत. पाण्याच्या हंड्यावर पांढरं फडकं ताणून बांधलेलं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसल्या, गुळाचा चहा दिला. मी निरोप सांगितला. त्यांनी माझे पाय सुजलेत का म्हणून विचारलं, बोटाने दाबून पाहिले आणि मीठ कमी करा म्हणाल्या. इतक्यात उन्हं कलली.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “माझी वेळ झाली.”

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि तिथेच पायरीवर बसल्या बसल्या बोलायला लागल्या. मला आधी वाटलं, माझ्याशीच बोलताहेत.

“बापा, दिवस नीट गेला, तुझे उपकार. गणपतच्या म्हशीच्या पायाला उतार पडू दे, त्याच्या दुधावर त्याचं घर चालतं. सरकारी दवाखान्यातल्या त्या नव्या डॉक्टरला रोग्यांशी गोड बोलायची बुद्धी दे. ही पाळकीणबाई फार दमलीय, तिला जरा विसावा दे. आणि सुनीचं ते तुला माहीतच आहे. आमेन.”

त्या पदर सारखा करून माझा कप उचलायला उठल्या. बावीस वर्षांत मी शेकडो प्रार्थना ऐकल्या होत्या. पाळकांच्या, बिशपांच्या, माझ्या स्वतःच्या. शेजारणीशी बोलावं तसं देवाशी बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. ही बाई आणि कादंबरीतली ती मेट्रन, यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

“तुम्ही रोज करता?” मी विचारलं.

“न करायला काय झालं?”

“मग लोक म्हणत होते तेव्हा सांगितलं का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर सगळं मिटलं असतं.”

करुणाबाईंनी कप विसळला, पालथा घातला, हात पुसले आणि मग बोलल्या.

“पुस्तक मी वाचलंय, पाळकीणबाई. या भांबळानं वाचलेलं नाही, मी वाचलंय. ती मेट्रन मी नाही, असं मी म्हटलं असतं तर लोक गप्प बसले असते का? तू नाहीस तर मग कोण, म्हणून शोधायला लागले असते. आणि शोधायला लांब जावं लागत नव्हतं. सुनी तेव्हा मुलांची संडेस्कूल घेत होती. तिचे दुशिंगसर नुकतेच गेले होते, मुलगा शिकत होता, शाळेची नोकरी मिशनची. मला काय, मी पेन्शनीला टेकलेले. म्हटलं, करा प्रार्थना माझ्यासाठी. प्रार्थनेनं कुणाचं वाईट होत नाही.”

सुनीतीबाईंनी माझ्या प्रश्नाला उत्तर का दिलं नव्हतं ते मला आता समजलं.

“मग त्यांच्याशी बोलणं का सोडलंत?”

इथे मात्र त्यांचा आवाज चढला. “का नाही सोडायचं? आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. माझ्या हातानं तिची वेणी झाली, माझ्या पगारातनं तिचं ट्रेनिंग झालं. दाढ दुखली तरी पळत माझ्याकडं यायची. आणि देवाशी बोलणं सुटलं, एवढी मोठी गोष्ट झाली, तर ती मला छापून कळवली. सख्ख्या बहिणीला छापून कळवली. नाशिकच्या माणसानं वाचलं त्याच दिवशी मी वाचलं.”

डोळे पुसायला त्यांनी पदर वापरला नाही, हंड्यावरच्या फडक्यासारखाच एक स्वच्छ रुमाल काढला. मी म्हटलं, मी सुनीतीबाईंना सांगू का हे? तर हाताने थांबवलं.

“काही सांगायचं नाही. तिचं तिला सुचलं तर सुचलं.”

“उद्या याल?”

“बघते.”

त्या रात्री मी भाषण लिहायला बसले नाही. लिहिण्याएवढी ताकद नव्हती आणि काय बोलायचं ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर खुर्च्या हॉलमध्ये हलवल्या. आमच्या ह्यांना कुठलाही कार्यक्रम उपासनेसारखाच चालवता येई. प्रारंभीची प्रार्थना, गीत, शास्त्रवाचन, मग मुख्य विषय, मग साक्ष, मग आशीर्वाद. सत्काराचा कार्यक्रमही त्यांनी तसाच बसवला होता. सुनीतीबाई मंचावर मधल्या खुर्चीत, पाय जमिनीला न टेकलेले. त्यांची नजर दारावर होती. गीत झालं तरी दारात कुणी नव्हतं. शास्त्रवाचन झालं, भांबळांनी ओळख करून दिली, ओळखीत स्वतःचीच बरीच करून दिली, तरी नव्हतं. मग माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले आणि जुन्या काळापासून सुरुवात केली. ‘घंटेखालची पोरं’ या कादंबरीविषयी बोलले. दुष्काळात अनाथाश्रमात आणलेल्या पोरांवर आमच्याकडे बरंच लिहिलं गेलंय, पण त्या लिखाणातली पोरं पहिल्या भाकरीबरोबर देवाचे आभार मानायला लागतात. बाईंची पोरं तशी नाहीत. ती भाकरी चोरतात आणि उशीखाली लपवतात, भाकरीला बुरशी येते तरी फेकू देत नाहीत. ती मड्डमेला घाबरतात, तिच्यावर जीव लावतात आणि तिची नक्कलही करतात. बाईंनी मड्डमेला देवदूत केलं नाही आणि राक्षसीणही केलं नाही. उन्हाने लाल झालेली, घरची आठवण आली की चिडचिड करणारी एक बाई केलं. मी म्हटलं, आपल्यापैकी कितीजणांच्या पणज्या त्या घंटेखाली वाढल्या असतील. त्या कशा होत्या, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. फोटोत त्या नुसत्या पांढऱ्या लुगड्यात रांगेने उभ्या आहेत. त्यांना भूक, खोडी आणि राग या बाईंनी परत दिला.

हॉलमध्ये लोक नीट बसायला लागले होते. मग मी ‘वहाणा’वर आले. खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरणाऱ्या बायबलबाईची ती गोष्ट. इतरांनी लिहिलं असतं तर तिने किती जणांना तारलं ते लिहिलं असतं. बाईंनी तिच्या टाचांच्या भेगा लिहिल्या. ज्या गावात तिला कुणी पाणी दिलं नाही त्या गावात ती परत परत का जाते, याचं कारण शेवटपर्यंत तिचं तिलाच सांगता येत नाही. एक माणूस ख्रिस्ती का झाला याची बाईंच्या पुस्तकात नेहमी तीन-चार कारणं असतात. एक पोटाचं असतं, एक मनाचं, एक निव्वळ हट्टाचं असतं, आणि एक असतं ते कुणालाच कळत नाही. मला हे फार खरं वाटतं, असं मी म्हटलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या रणपिसेआजी मोठ्याने “व्हय” म्हणाल्या.

मग मी आजच्या काळावर आले. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सा, कंपाउंडची भिंत पडली तरी फाटकाला कुलूप लावणारा वॉचमन, आडनाव सांगताना अडखळणारी कॉलेजातली पोरगी. या आपल्या माणसांना कादंबरीत जागा आहे, हेच मुळी बाईंच्या आधी आपल्याला सुचलं नव्हतं. आपण पुस्तकात गेलो ते चर्चच्या अहवालात, नाहीतर दुसऱ्यांच्या गोष्टीत नाताळाचा केक वाटायला. बाईंनी आपल्याला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं आणि बोलू दिलं.

एवढ्यात मागचं दार थोडं उघडलं. करुणाबाई आत आल्या आणि शेवटच्या बाकाच्या कडेला, चपला पायातच ठेवून, बसल्या. मंचावर सुनीतीबाईंच्या खुर्चीचा आवाज झाला. लोकांनी माना वळवल्या आणि घाईने परत फिरवल्या. भांबळ माझ्याकडे बघून मान हलवत होते, म्हणजे आता थांबा.

मी थांबणार होते. खरंच थांबणार होते, पाय दुखत होते. पण इतकं खरं बोलल्यावर एवढंच गाळायचं, हे माझ्याच्याने झालं नाही.

“आणि एक पुस्तक आहे, ज्याचं नाव या हॉलमध्ये कुणी घेत नाही,” मी म्हटलं. “मला बाईंचं ते सगळ्यांत मोठं पुस्तक वाटतं. आपण ते साक्षीसारखं वाचलं, ती आपली चूक झाली. कादंबरी कुणा एकीची साक्ष नसते. देव गप्प झाला असं ज्याला कधी वाटलं, आणि तरी जो सकाळी उठून दुसऱ्याचं ड्रेसिंग करायला गेला, त्या प्रत्येकाचं ते पुस्तक आहे. अशी माणसं आपल्यात असतील. ती बोलत नाहीत. ते पुस्तक हातात घेऊन मला…”

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी समोरचं पाणी प्याले आणि धन्यवाद म्हणून खाली बसले. टाळ्या पडल्या, पण जरा चाचपडत.

ह्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि सवयीने म्हणाले, “आता बाई आपली साक्ष देतील.” दुसरीकडे याला मनोगत म्हणतात. आमच्याकडे उभं राहून बोलायचं म्हणजे साक्षच.

सुनीतीबाई उठल्या. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी खुर्चीवर ठेवली.

“अनुपमाबाई चांगलं बोलल्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या लिहिण्याचं कुणी एवढं करेल असं वाटलं नव्हतं. पण पाळकसाहेब साक्ष म्हणाले. कादंबरीत माणसाला दुसऱ्याच्या आडून बोलता येतं. इथं उभं राहून येत नाही. म्हणून सांगते. ती मेट्रन ताई नाही. ती मी आहे.”

माना पुन्हा मागच्या बाकाकडे वळल्या.

“दुशिंगसरांचं पोट फुगलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी त्यांच्या खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. आणि मधेच माझ्या ध्यानात आलं की मी वाक्य सुधारतेय. एक शब्द बरा वाटला नाही म्हणून मी तो काढला आणि दुसरा घातला. माणूस मरत होता आणि मी शब्द बदलत होते. तेव्हापासून मला जमलं नाही. डोळे मिटले की मला माझंच वाक्य ऐकू येतं. संडेस्कूलमध्ये मी मुलांना प्रार्थना शिकवल्या त्या सगळ्या पाठ केलेल्या होत्या. हे मला ताईला सांगायचं होतं. तिच्यासमोर तोंड उघडेना, म्हणून लिहिलं. शिक्षिका लिहिली असती तर तुम्ही मला ओळखलं असतं, म्हणून मेट्रन लिहिली. मग तुम्ही तिला ओळखलंत आणि मी गप्प बसले. तिच्या नावानं तुम्ही प्रार्थना करत होतात, तेव्हा मी त्याच खोलीत बसून आमेन म्हणत होते.” त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. “ताई, मी आधी तुझ्याकडं यायला हवं होतं.”

एवढं बोलून त्या बसल्या. स्त्रीसभेच्या बायांपैकी एकीने तोंडावर पदर धरला होता. भांबळांची मान पार खाली गेली होती. आमचे हे गोंधळले. आणि गोंधळले की ते नेहमी जे करतात तेच त्यांनी केलं. हात वर करून म्हणाले, “आपण डोकी लववू या. आपल्या भगिनी सुनीतीबाई यांच्या विश्वासासाठी…”

“थांबा, पाळकसाहेब.”

करुणाबाई बाकाला धरून उभ्या राहिल्या होत्या. आवाज वॉर्डातला होता, मोठा नाही पण टोकापर्यंत जाणारा.

“तिच्यासाठी मी करते. इतकी वर्षं मीच करतेय.”

त्या मधल्या वाटेने पुढे आल्या, चपला वाजवत. मंचाची पायरी चढताना कुणीतरी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. सुनीतीबाईंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

“बापा, ही आली बघ. सुनी तुझ्याशी बोलत नाही म्हणून तू रुसू नकोस. मी रुसले होते, त्यात काही राम नाही. तिच्या वाटचं मी बोलत आलेय, पुढंही बोलेन. ती बडोद्याला चाललीय. तिला थंडी सोसत नाही, सुनेला ते सुचू दे. तिचा चहा तिच्या वेळेला मिळू दे…”

माझी प्रार्थना केव्हा सुटली ते मला सांगता येत नाही. बाईंसारखी सांगता येण्यासारखी एखादी घटका माझ्याकडे नव्हती. घराघरातले ते दोन शब्द करता करता, कुठल्याशा बदलीच्या गावी, कुठल्याशा उंबऱ्यावर, ती संपली आणि मी बोलत राहिले. पाळकाच्या बायकोने हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने हात वर करून डोकी लववायला सांगितलं असतं. ‘मेट्रनची खोली’ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोटभर रडले होते. अशी मी एकटीच नाही, एवढंच मला त्या पुस्तकाने सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर मी इतके दिवस काढले होते. भाषणात जिभेवर आलेलं वाक्य ते होतं.

तर माना खाली गेल्या तेव्हा मी माझी घातली नाही. शक्तीच नव्हती. मी समोर बघत राहिले, आणि मंचावर, थोरल्या बहिणीच्या हाताखाली, सुनीतीबाईही डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. आधी त्यांना नवल वाटलं. मग त्यांना कळलं. मला दिसलं त्यांना कळताना. त्यांनी काही खूण केली नाही, मान हलवली नाही, नुसतं बघत राहिल्या, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या त्या मी पुसल्या नाहीत. बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

करुणाबाईंची प्रार्थना बरीच लांबली. बडोद्याचा रस्ता, सुनेचा स्वभाव, गुडघेदुखी, सगळं त्यांनी देवाच्या कानावर घातलं. शेवटी त्या आमेन म्हणाल्या. सगळा हॉल म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर आम्ही दोघीही म्हणालो.